खरखरीसाठी आणलेला हेडफोन

१९८१ सालच्या मार्च महिन्यात चिंचवडच्या आमच्या घरी हेडफोन विकत आणला. तो गाणी ऐकण्यासाठी नव्हता. वडिलांना दिवसा झोप लागावी आणि त्याच वेळी धाकट्या बहिणीला बारावीचा अभ्यास करता यावा, या दोन गोष्टी दोन खोल्यांच्या घरात एकत्र बसत नव्हत्या, म्हणून तो आणला.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते एका फोर्जिंग कारखान्यात घणावर होते. भट्टीतून लाल झालेला लोखंडाचा तुकडा साच्यावर ठेवायचा आणि त्यावर वरून घण सोडायचा, हे तिथले काम. घणाच्या लिव्हरवर अण्णा असत. समोर मोठ्या सांडशीत तुकडा धरून तो साच्यावर ठेवणारा तानाजी असे. तानाजी चाकणच्या बाजूच्या एका गावचा, घरची शेती सांभाळून कारखान्यात येणारा, अण्णांपेक्षा वयाने बराच लहान. दोघांची जोडी कित्येक वर्षे बदलली नव्हती.

घणाजवळ बोलणे शक्य नसते. तिथली भाषा हातांची. उजवी मूठ डाव्या तळहातावर एकदा आपटली की माल बरोबर आहे, पुढचा आण. मुठीवर तळहात झाकला की घण थांबव. अण्णा या खुणा घरीही करत. जेवताना भात पुरे झाला की मुठीवर तळहात झाकत. आई वाढता वाढता म्हणे, "तोंडाने सांगा. मी काय तुमचा घण आहे?" अण्णांच्या ते लक्षातही येत नसे. पण हळूहळू आईसुद्धा शेजारणीशी बोलताना मुठीवर हात झाकू लागली, आणि मग आम्ही सगळेच.

कारखान्यात कानात घालायला रबरी बोळे मिळत. ते घण चालवणाऱ्यांपैकी फारसे कोणी वापरत नसत. घणाचा आवाज जरा बदलला तरी साचा हलला आहे हे कळते, आणि बोळे घातले की ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे जे झाले ते सगळ्यांचे सारखेच झाले. अण्णांच्या कानात शिट्टी वाजू लागली. ती कधी सुरू झाली हे त्यांना सांगता येत नव्हते. आईने एकदा विचारले, शिट्टी म्हणजे कशी? अण्णा म्हणाले, "आपला भोंगा होतो ना सकाळी? तो थांबलाच नाही असं समज."

दवाखान्यात दाखवून झाले होते. कान साफ होते. औषध नव्हते.

ही शिट्टी कामावर त्रास देत नसे, कारण कामावर ती ऐकूच येत नसे. ती शांततेत यायची. आणि तिसऱ्या पाळीवरून सकाळी घरी आल्यावर झोपायला शांतताच लागते, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. पडदा ओढायचा, बाहेरचे दार लोटायचे, भांडी हळू ठेवायची. त्या शांततेत अण्णा डोळे मिटून जागे पडलेले असत. कधी कधी ते झोपायच्या आधी रेडिओ लावून घेत, पण गाण्यानेही काही होत नसे. गाणे संपेपर्यंत ते ऐकत बसत.

एके दिवशी सकाळचे कार्यक्रम संपून स्टेशन बंद झाले आणि रेडिओ बंद करायचा राहून गेला. ट्रान्झिस्टरमधून नुसती खरखर येत राहिली. आई बाहेर धुणे वाळत घालत होती. ती आत आली तेव्हा अण्णा घोरत होते. तिने रेडिओ बंद केला आणि ते जागे झाले. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम काटा दोन स्टेशनांच्या मध्ये नेऊन ठेवला. ते झोपले. खरखरीत शिट्टी बुडते, हा शोध आमच्या घरात असा लागला. तेव्हापासून तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात घरात दिवसभर खरखर असे. उठल्यावरही अण्णा रेडिओ बंद करत नसत, कारण तो बंद झाला की शिट्टी परत चालू. चहा पिऊन होईपर्यंत तो तसाच राही. मग आई बंद करी.

यंदाच्या मार्चमध्ये हे सगळे आठवायला कारण झाली ती बहिणीची मुलगी. बहिणीचे नाव सुमन, तिची मुलगी केतकी. केतकी आयटीत आहे आणि मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. घरून काम करायचे असते आणि शेजारच्या इमारतीचे ड्रिलिंग दिवसभर चालते. ती दोन दिवस सुट्टीला सुमनकडे आली होती; मीही तिथेच होते. ती पूर्ण वेळ फोनमध्ये हेडफोन बघत होती.

"मावशी, बघ ना. कानाला टोचायला नको, आवाज चांगला पाहिजे आणि बजेट एवढंसं. तिन्ही एकत्र कशातच नाही."

"मग?"

"हे स्वस्त आहेत, पण एकाने लिहिलंय तीन तासांत कान दुखतात. हे मऊ आहेत, तर म्हणे आवाज डब्यातून आल्यासारखा. आणि जे सगळ्यांना आवडलेत ते मला परवडत नाहीत."

स्वयंपाकघरातून सुमनचा आवाज आला. "आडवं पडून घालता येतात का बघ आधी."

"आई, आडवं पडून कोण मीटिंग करतं?"

कुकरची शिट्टी झाली. खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणाचा तरी मुलगा फेऱ्या मारत व्याख्या पाठ करत होता. दरवर्षी या दिवसांत असा एक तरी असतोच. ऊन तेच, कपाळावर तोच घाम, तीच डोळ्यांखालची काळी वर्तुळे. घरे मोठी झाली. परीक्षेच्या दिवसांचा थकवा आहे तेवढाच राहिला.

सुमनची बारावी त्या मार्चमध्ये होती. कॉलेजला अभ्यासाची सुट्टी लागलेली, त्यामुळे ती दिवसभर घरी. मी पुण्यात एका दैनिकात नुकतीच लागले होते. माझी पाळी दुपारी सुरू होई, म्हणजे सकाळ मी घरी पाहिलेली आहे. आतल्या खोलीत अण्णा आणि खरखर. बाहेरच्या खोलीत सुमन, कानांवर तळहात दाबून, रसायनशास्त्राच्या पुस्तकावर वाकलेली. मधल्या दाराला नुसता पडदा. खरखर कमी करून पाहिली. अण्णा जागे झाले. सुमनने कानात कापूस घालून पाहिला. खरखर गेली नाही.

"गाणी लावा ना त्यापेक्षा," ती एकदा आईला म्हणाली. "गाणं संपतं तरी. हे संपतच नाही."

तिने नदीवरचा घाट करून पाहिला. तिथे धुणे बडवणाऱ्या बायका होत्या आणि दुपारनंतर सावली नव्हती. शेजारच्या काकूंकडे बसून पाहिले. काकू दर थोड्या वेळाने सरबत हवे का विचारत. ती परत आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. पूर्वपरीक्षेत तिला गणितात जेमतेम पास होण्याइतके गुण होते. पुढे विज्ञान शाखेतच शिकायचे होते. त्या घरात तिच्यासाठी दुसरा मार्ग कोणी आखलेला नव्हता.

मग अण्णांनी रेडिओ लावणे बंद केले. आईने विचारले तर म्हणाले, "झोप येते मला. तुम्ही उगाच काळजी करता."

झोप येत नव्हती. त्या आठवड्यात तानाजी संध्याकाळी घरी आला. उंबऱ्याजवळच बसला, चप्पल काढून. आईने चहा ठेवला. अण्णा अंघोळीला गेले होते. तानाजी हळू बोलत नसे. घणावरच्या माणसांना ते जमत नाही.

"वहिनी, अण्णा झोपत न्हाईत का?"

"का हो?"

"लिव्हरवर डुलकी लागली त्यांना. परवा. मी सांडस आत घातलेली हाय, आन् ह्यांचे डोळे मिटलेले. घण सुटला न्हाई म्हणून बरं. माझी बोटं ह्यांच्या झोपेवर हायेत, वहिनी."

अण्णा पंचा गुंडाळून बाहेर आले. त्यांनी ऐकले की नाही हे कळायला मार्ग नव्हता. तानाजीने त्यांच्याकडे पाहून मुठीवर तळहात झाकला. अण्णा खाली बसले. चहा आला तो दोघांनी बशीत ओतून प्यायला.

हेडफोनची कल्पना माझी नव्हती, सुमनची होती. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी टेपरेकॉर्डर होता आणि तिचा भाऊ कानाला हेडफोन लावून तो ऐकत असे. घरातल्या इतरांना काही ऐकू येत नाही, असे ती मुलगी सांगत होती. सुमनने हे सांगितले तेव्हा आई म्हणाली, "केवढ्याला?" ते कोणालाच माहीत नव्हते. बजेट हा शब्द तेव्हा आमच्या घरात नव्हता. 'एवढ्यात बसेल तेवढं' असे म्हणत. आईने जे दिले, त्यात बसवायचे होते.

पुण्याला बुधवार पेठेत रेडिओच्या सामानाची दुकाने आहेत, तिथे अण्णा, तानाजी आणि मी असे तिघे गेलो. तानाजीला कोणी बोलावले नव्हते. तो म्हणाला, "माझ्या बोटांचा प्रश्न हाय, मी येणार." खांद्याला पिशवी, पिशवीत आमचा ट्रान्झिस्टर.

दुकानदार हौशी होता. त्याने तीन हेडफोन काढून ठेवले. एक हलका, पातळ प्लॅस्टिकचा. एक मधला. एक जाड पट्टीचा, मोठ्या वाट्यांचा. तिसऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हा ऐका काका. सतार आणि तबला वेगवेगळे कळतील." आमच्या ट्रान्झिस्टरला त्याची जाड पिन बसत नव्हती. पिन बदलून देतो, तोवर इथल्या सेटवर ऐका, असे म्हणून त्याने स्वतःच्या रेडिओवर गाणे लावले आणि वाट्या अण्णांच्या कानांवर बसवल्या.

अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून रेडिओची चकती फिरवली. गाणे गेले.

"अहो काका, स्टेशन गेलं!"

"जाऊ द्या," अण्णा म्हणाले, तेही कारखान्यात बोलतात त्या आवाजात. रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिले. "हे असंच राहू द्या."

"काय ऐकताय?"

"खरखर."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी सांगायचा प्रयत्न केला. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटले नाही असे चेहऱ्यावरून दिसले. वीस गिऱ्हाइकांना सतारीवरून हेडफोन विकलेला माणूस. खरखरीवरून निवड करणारा त्याने पाहिला नसावा. तरी तो धंदेवाईक होता. त्याने दुसरा हेडफोन लावून दिला, मग पहिला. अण्णा प्रत्येक वेळी डोळे मिटत. हलक्याची खरखर त्यांना टोकदार वाटली; ते म्हणाले, ही शिट्टीच्या बाजूने बोलते. मधल्याची बरी. जाड पट्टीच्या हेडफोनची सगळ्यात चांगली, भरलेली, पावसाळ्यात पत्र्यावर असते तशी. त्याच्या वाट्या कानाला घट्ट बसत, त्यामुळे रस्ताही ऐकू येत नसे.

"पण कानाला कसा वाटतो?" मी विचारले. त्यांना ऐकू आले नाही. मी कान दाबून दाखवले.

तानाजीने हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढून घेतला आणि तळहातावर तोलला, घडलेला माल तोलतात तसा. "हाच घ्या, राव. वजन हाय. टिकंल." मग त्याने हलका उचलला, पुन्हा तोलला आणि परत ठेवला. "ह्यो खेळण्यातला."

अण्णांनीही तोलून पाहिला. लोखंड हातात घेऊन आयुष्य काढलेल्या दोन माणसांनी वजनावर निर्णय दिला. दुकानदार म्हणाला, "मधला दिवसभर घालता येतो हां." ते कोणी ऐकले नाही. जाड पट्टीचा हेडफोन आईने दिलेल्या पैशांत जेमतेम बसला. परत येताना आमची चहाची चैन झाली नाही.

उभे राहून, काउंटरजवळ, थोडा वेळ घातलेला हेडफोन आणि सात तास घालून झोपायचा हेडफोन यांत फरक आहे, हे दुसऱ्या दिवशी कळले. अण्णा कुशीवर झोपत. कुशीवर वळले की खालची वाटी उशी आणि कान यांच्यामध्ये. कानाची पाळी लाल. पाठीवर झोपून पाहिले, पट्टी टाळूला रुतली. मग ते भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपू लागले. मान कलली की वाटी सरके आणि शिट्टी उठवी. बाहेरच्या खोलीत मात्र शांतता होती. सुमन पहिल्यांदा हात मोकळे ठेवून लिहीत होती. मधल्या पडद्यातून भिंतीला टेकलेले अण्णा दिसत. ती पडद्याकडे पाठ करून बसू लागली.

"बदलून आणा," आई म्हणाली.

"पिन कापून बदललीय त्याने," अण्णा म्हणाले. "आता घेणार नाही. आणि आवाज चांगला आहे."

तानाजीला हे कळले तेव्हा त्याने विचार करण्यात वेळ घालवला नाही. "पट्टी घट्ट हाय ना? कंपनीत नेतो, सैल करून आणतो." विकत आणलेली वस्तू कंपनीत नेऊन सुधारून आणायची, हा आमच्या भागातला रिवाजच होता. सायकलचे कॅरियर, स्टोव्हची तबकडी, खाटेचे पाय, सगळे एकदा कंपनीतून फिरून येई. हेडफोनही गेला.

पुढचे तानाजीने स्वतः सांगितलेले आहे. पट्टी स्प्रिंगची होती. हाताने वाकवली तर पुन्हा होती तशी येई. वाइसच्या जबड्यात धरून पाहिली, तरी येई. मग तो भट्टीशी गेला. लोखंड ऐकत नसले की तापवायचे, याखेरीज दुसरे काही त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याने जराशीच ऊब दिली, असे तो म्हणत होता. पट्टी ऐकली. तिच्या आतून जाणारी वायर जळली.

तो हेडफोन घेऊन आला तेव्हा उंबऱ्याच्या आत आला नाही. हातात मशीन पुसायच्या कॉटन वेस्टमध्ये गुंडाळलेली वस्तू होती.

"एक बाजू गेली, अण्णा."

आईने ते उलगडले. पट्टीवरचे प्लॅस्टिक वितळून गेले होते आणि पट्टी निळसर झाली होती. "हे काय आणलंत भाऊजी? हेडफोन आहे का घोड्याचा नाल?"

तानाजी मान खाली घालून उभा राहिला. "नवीन आणून देतो, वहिनी."

"कुठून आणता? बसा. चहा घ्या."

सुमनने पुस्तक मिटले होते. परीक्षा अगदी तोंडावर आली होती. तिने आतल्या खोलीतला ट्रान्झिस्टर आणला आणि पिन खुपसली. उजवी वाटी मुकी. डावीतून खरखर येत होती. अण्णांनी डावी कानाला लावून पाहिली. शिट्टी त्यांना डाव्या कानात जास्त होती, घण त्या बाजूला असल्यामुळे. उजवा कान उशीत दाबला की भागत होते. मुकी वाटी तिथे कशाला, असे म्हणून त्यांनी पकडीने ती काढून टाकली. पट्टीचे उघडे टोक राहिले, त्यावर आईने जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून शिवली. सैल झालेली पट्टी आता टाळूला लागत नव्हती. अण्णा उजव्या कुशीवर आडवे झाले. उजवा कान उशीत, डाव्यावर वाटी.

असा हेडफोन कोणी ठरवून केला नसता. कोणी विकलाही नसता. केतकी वाचत होती त्या एकाही अभिप्रायात तो बसत नाही. आवाज एका बाजूचा, दिसायला मोडका. तानाजी उंबऱ्यात चहाची बशी हातात धरून वाट पाहत बसला होता. आतून घोरण्याचा आवाज आला तेव्हा त्याने बशी खाली ठेवली आणि सायकल काढली.

परीक्षा झाली. एप्रिलचे ऊन गेले, मे गेला. पाळ्या फिरत राहिल्या. तिसरी पाळी आली की चिंधीची पट्टी खुंटीवरून खाली येई. ती घालून झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा शीण झोपेनेही पुरता जात नसे. पण लिव्हरवर डुलकी पुन्हा लागली नाही. तानाजीने हे कोणी न विचारता सांगितले, आणि बोटे पुढे करून दाखवली.

निकाल जूनमध्ये लागला. सुमन सकाळीच कॉलेजला गेली. अण्णा तिसऱ्या पाळीवरून आले होते आणि निकाल कळेपर्यंत जागा राहतो म्हणाले होते. आईने त्यांना झोपायला लावले. माझी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, त्यामुळे पुढचे मी स्वतः पाहिलेले आहे.

सुमन दुपारी परत आली. दारात आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग हातातल्या गुणपत्रिकेकडे, आणि ओठांवर बोट ठेवून आतल्या खोलीकडे खूण केली. शेजारच्या काकू आल्या. "पेढे कुठायत?" असे त्या मोठ्याने म्हणाल्या. सुमनने मुठीवर तळहात झाकला. काकूंना आमची खूण कळत होती. त्या दारातच कुजबुजून, तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

मी म्हटले, उठवू का? सुमन नको म्हणाली. ती पडद्यापलीकडे गेली आणि अण्णांच्या अंथरुणाजवळ जमिनीवर बसली. गुणपत्रिका मांडीवर. वाटीच्या कडेतून अगदी बारीक खरखर बाहेर येत होती. भिंतीकडे तोंड करून महिनाभर ती ज्याच्यापासून पळत होती, त्या आवाजाशेजारी ती तासभर तरी बसून राहिली. तिलाही डुलकी लागली असावी; मान दोनदा कलली.

अण्णा उठले तेव्हा ती समोर होती. कानावर वाटी तशीच होती. सुमनने उजवी मूठ डाव्या तळहातावर एकदा आपटली: माल बरोबर आहे.

अण्णांनी तिच्याकडे पाहिले. मग उठून बसले आणि मुठीवर तळहात झाकला. चहा अजून झालेला नव्हता. त्यांनी हात लांब करून रेडिओ स्वतः बंद केला आणि वाटी कानावरून काढली.